डिश लावून बिटकॉइन: काय मिळतं, काय मिळत नाही

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. इंटरनेट पूर्ण बंद असताना छतावर डिश लावून बिटकॉइन वापरता येईल का, आणि उपग्रहावरून येणारी ब्लॉकचेन (बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची वही, तिचं एकेक पान म्हणजे ब्लॉक) पाठवणाऱ्यानेच खोटी करून पाठवली तर ते कळणार कसं. पहिल्याचं उत्तर आहे, अर्धं येईल. दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप चांगलं आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

मी मूळचा डिशच्या कामातला. केबलच्या दिवसांत कराडच्या आसपास आठ फुटी डिश बसवल्या, पुढे घरोघरच्या डीटीएचच्या छोट्या डिश. आता घरी बिटकॉइनचा नोड (ती वही स्वतःकडे ठेवून तपासणारा संगणक) चालवतो आणि त्याला एक जुनी सी बँडची (कमी वारंवारतेच्या पट्ट्याची) मोठी डिश जोडून बघितली आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. ब्लॉकचेन उपग्रहात साठवलेली नसते. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर एका जागी थांबल्यासारखा दिसतो आणि जमिनीवरून आलेला सिग्नल वारंवारता बदलून परत खाली टाकतो, बस. बिटकॉइनचा खरा नोड जमिनीवरच्या केंद्रात चालतो. तिथून डेटा वर जातो आणि पाव सेकंदात खाली तुमच्या डिशवर येतो. डीडी फ्री डिशचं जसं आहे, तसंच हे. महिन्याचं भाडं नाही, कार्ड नाही, नोंदणी नाही. कोण बघतंय हे वर पाठवणाऱ्याला कळायचा मार्गच नाही, कारण तुमच्या डिशमधून काहीच बाहेर पडत नाही.

ही सेवा कॅनडातल्या ब्लॉकस्ट्रीम कंपनीने १५ ऑगस्ट २०१७ रोजी सुरू केली. कंपनीचे प्रमुख अ‍ॅडम बॅक. १९९७ मध्ये त्यांनीच हॅशकॅश (संगणकाला आधी थोडं गणित करायला लावून स्पॅम रोखायची युक्ती) काढलं होतं, आणि बिटकॉइनच्या मायनिंगची, म्हणजे असंच गणित करून नवे ब्लॉक बनवायची, कल्पना त्याच्याच वळणाची आहे. त्यांच्याही आधी, २०१४ च्या सुमाराला, जेफ गार्झिक यांनी बिटसॅट नावाची योजना मांडली होती: बिटकॉइनसाठी स्वतःचे छोटे उपग्रह सोडायचे. ते काही वर गेले नाहीत. आमच्या धंद्याच्या नजरेने बघितलं तर ब्लॉकस्ट्रीमची वाट जास्त शहाणपणाची होती. छोटा उपग्रह खालच्या कक्षेत फिरतो, तुमच्या डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो आणि त्याच्यामागे अँटेना फिरवत बसावं लागतं. त्यापेक्षा टीव्हीच्या उपग्रहांवरची थोडी जागा भाड्याने घेतली की डिश एकदा घट्ट केली, काम संपलं. सुरुवात गॅलेक्सी १८, युटेलसॅट ११३ आणि टेलस्टार ११एन या तीन उपग्रहांवर झाली, म्हणजे अमेरिका, युरोप आणि आफ्रिका. आपल्याकडे तेव्हा काहीच दिसत नव्हतं. डिसेंबर २०१८ मध्ये टेलस्टार १८ व्हँटेज आला. त्याचा सी बँडचा पट्टा पश्चिमेला भारत-पाकिस्तानपासून पूर्वेला हवाईपर्यंत पसरतो. मे २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिच्यात टीव्हीवाल्यांचंच डीव्हीबी-एस२ तंत्र वापरलं आणि अगदी पहिल्या ब्लॉकपासूनची सगळी चेन डिशवरूनच मिळायची सोय केली. त्याआधी जुनी चेन एकदा इंटरनेटवरून उतरवून घ्यावी लागायची.

लोक विचारतात, एवढा डेटा मावतो कसा? बिटकॉइन मुळात फार सावकाश वाढतं. सरासरी दर १० मिनिटांना एक ब्लॉक, साधारण दीड-दोन एमबीचा. २ एमबी धरले तरी सेकंदाला २७ किलोबिट पुरतात. टीव्हीच्या एका चॅनेलला लागते त्याच्या तुलनेत ही जागा काहीच नाही. अवघड आहे तो इतिहास. पूर्ण चेन ६०० जीबीच्या वर गेली आहे. समजा तुम्हाला सेकंदाला १ मेगाबिटचा वेग मिळाला, तर एवढं उतरायला ५५ दिवस लागतील, तेही एकदाही वीज न जाता. म्हणून माझा सल्ला असा की जुनी चेन ओळखीच्या माणसाच्या हार्ड डिस्कवरून कॉपी करून घ्या. ती कोणाकडून घेतली याने फरक पडत नाही. तुमचा नोड ती पहिल्या ब्लॉकपासून स्वतः तपासू शकतो.

आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

प्रत्येक ब्लॉकला ८० बाइटांचं एक डोकं असतं, हेडर म्हणतात त्याला. त्यात मागच्या ब्लॉकचा ठसा असतो, म्हणजे हॅश, त्या ब्लॉकवरून गणिताने काढलेला आकडा. नव्या हेडरचा हॅश ठरलेल्या मर्यादेच्या खाली यावा लागतो आणि तो तसा आणायला जगभरच्या मायनिंगची वीज जळते. तुमच्या घरचा छोटा संगणक मात्र तो बरोबर आहे की नाही हे क्षणात तपासतो. आत कोणी दुसऱ्याचे पैसे सहीशिवाय हलवले असतील, किंवा नियमापेक्षा जास्त नवी नाणी काढली असतील (एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागे ३.१२५), तर नोड तो ब्लॉक फेकून देतो. उपग्रहावरून आला की टपालाने आला, त्याला देणंघेणं नाही. पाठवणाऱ्या कंपनीला तुम्हाला खपेल असा एक खोटा ब्लॉक बनवायचा तर खऱ्या मायनरइतकीच वीज जाळावी लागेल. आमच्या टीव्हीच्या सिग्नलला असं संरक्षण नाही. जास्त ताकदीचा सिग्नल कोणी वर मारला तर त्याचंच चित्र सगळ्यांच्या घरी दिसतं. ही चेन तशी नाही, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी खरोखर थक्क झालो होतो.

मग धोका कुठे आहे? खोटं सांगण्यात नाही, गप्प बसण्यात आहे. पाठवणारा काही ब्लॉक दडवू शकतो आणि तुम्ही जुन्या टोकावर बसून राहाल. पण गप्प बसणंही मोजता येतं. १० मिनिटं ही सरासरी आहे, त्यामुळे कधी दोन मिनिटांत ब्लॉक येतो, कधी चाळीस मिनिटं काहीच नाही. गणित केलं तर तासाभराचा खंड साधारण दोन-तीन दिवसांतून एकदा पडायचाच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन तासांचा खंड मात्र तीन वर्षांतून एखादा. डिशला पक्का लॉक आहे (सिग्नल धरलेला आहे), क्वालिटी चांगली दाखवतेय, आणि दोन तास एकही ब्लॉक नाही, तर काहीतरी बिघडलंय असं समजा. आणि कोणी थोड्या मायनिंगच्या जोरावर वेगळी चेन करून तुम्हाला एकट्याला पाजायला लागला, तरी तिचा वेग त्याला मारतो. जगातली दहा टक्के ताकद त्याच्याकडे असली, तरी ब्लॉक सरासरी १०० मिनिटांनी येईल. ब्लॉक बनवायचा अवघडपणा, म्हणजे हॅशची ती मर्यादा, बदलतो दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे त्या वेगाने जवळपास पाच महिने तो लपू शकत नाही.

मी स्वतः एक साधी पद्धत पाळतो. आमच्या रस्त्याच्या खोदकामात एकदा फायबर तुटली आणि चार दिवस नेट नव्हतं. तेव्हा रोज संध्याकाळी पुण्याच्या मित्राला साधा फोन करायचो. तो ब्लॉकचा क्रमांक आणि हॅशची शेवटची आठ अक्षरं वाचून दाखवायचा, मी माझ्या पडद्यावर जुळवायचो. चारही दिवस जुळलं. नेट नाही आणि तरीही जगातल्या सगळ्या नोडांशी आपला हिशोब तंतोतंत जुळतोय, हे वाचणं वेगळं आणि अनुभवणं वेगळं.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. डिशने तुम्ही ऐकू शकता, बोलू शकत नाही. पैसे पाठवायचे तर तुमचा सही केलेला व्यवहार कसातरी बाहेर जायला हवा. पण पैसे घेणाऱ्याला बोलावं लागतच नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दुबईतल्या मुलाने पाठवले, तर इकडे वडिलांच्या नोडवर व्यवहार दिसतो, त्यावर ब्लॉक चढत जातात, सहा ब्लॉक झाले की खात्री. त्यांच्या घरून एक अक्षरही बाहेर गेलेलं नसतं.

पाठवण्यासाठी रुंद वाट लागत नाही. एक साधा व्यवहार सव्वादोनशे बाइटांच्या आसपास असतो. अक्षरांत लिहिला तर साधारण साडेचारशे अक्षरं, म्हणजे तीन एसएमएस. नेट असलेल्या ठिकाणच्या विश्वासातल्या माणसाला ते पाठवले आणि त्याने पुढे ढकलले, तर काम होतं. तो तुमचे पैसे चोरू शकत नाही, कारण सही तुमची आणि ती बदलली की व्यवहारच बाद. फार तर तो पुढे पाठवणार नाही. रेडिओवरूनही हे झालेलं आहे: निक झाबो आणि एलेन ऊ यांनी २०१७ मध्ये रेडिओची कल्पना मांडली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये टोरंटोहून सॅन फ्रान्सिस्कोला हॅम रेडिओवरून (हौशी लोकांचा परवान्याचा रेडिओ) बिटकॉइन पाठवून दाखवलं गेलं. आपल्याकडे याची नक्कल करायला जाऊ नका. हॅमच्या परवान्यात पैशाचे व्यवहार बसत नाहीत, आणि परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं तर थेट गुन्हा आहे.

एसएमएसवरही फार विसंबू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये नेटबरोबर फोनही बंद झाले होते आणि ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. अशा बंदीत डिश चालू राहील, पण तुम्ही फक्त ऐकत राहाल. मित्राला फोन करून हॅश जुळवायची माझी पद्धतही तिथे निकामी.

लाइटनिंगबद्दल (बिटकॉइन झटपट पाठवायची वेगळी सोय) कोणी सांगितलं असेल तर तेही डिशवर चालत नाही, त्याला दोन्ही बाजूंनी बोलणं लागतं. आणि तुमची नाणी एखाद्या एक्स्चेंजच्या अ‍ॅपमध्ये पडून असतील, तर डिशचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. चाव्या (सही करायचे गुप्त आकडे) स्वतःकडे असतील तरच या सगळ्याला अर्थ आहे. कर तर भरावाच लागतो, नफ्यावर ३० टक्के, १ एप्रिल २०२२ पासून.

बसवण्याचं बोलतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. कराडहून तो क्षितिजापासून जवळपास ६० अंश उंच दिसतो, म्हणून समोर झाड असलं तरी निभावतं. टेलस्टार १८ आहे १३८ अंशांवर. आमच्याकडून त्याची उंची भरते १६-१७ अंश, मुंबईत १५, नागपूरला २०-२१. म्हणजे डिश जवळपास आडवी बघते, पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकून. तुमच्या डिशपेक्षा १० मीटर उंच इमारत समोर ३४ मीटरच्या आत असली, की खेळ संपला. माझ्या पहिल्या जागेसमोर शेजाऱ्यांचे नारळ होते, शेवटी जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवर डिश चढवावी लागली.

इथे टाटा प्लेवाली (आधीचं टाटा स्काय) छोटी डिश चालणार नाही. ती केयू बँडची (जास्त वारंवारतेची), आणि हा सिग्नल सी बँडचा. जुन्या केबलवाल्यांच्या गोदामात सहा-आठ फुटी डिश भंगाराच्या भावात मिळतात, एलएनबी (डिशसमोर बसतो तो सिग्नल पकडणारा डबा) सी बँडचा नवा घ्या. मोठ्या डिशचा त्रास आहे, पण पावसाळ्यात तिची किंमत कळते. मुसळधार पावसात केयूचं चित्र जातं, सी बँड टिकून राहतो. त्याचा नवा शत्रू ५जी आहे. त्याचा पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ आणि सी बँड सुरू होतो ३.७ ला, त्यामुळे टॉवर जवळ असला तर एलएनबी गुदमरतो. एलएनबीच्या तोंडाशी ५जीचा फिल्टर बसवल्यावरच माझा लॉक स्थिर झाला. पुढे यूएसबीचा डीव्हीबी-एस२ रिसीव्हर, लिनक्सवर कंपनीचंच मोफत सॉफ्टवेअर आणि २ टीबीची डिस्क. वीज गेली तर इन्व्हर्टर हवाच.

सामान घेण्याआधी त्या उपग्रहावरचं प्रक्षेपण सध्या चालू आहे ना, हे कंपनीच्या नकाशावर बघून घ्या. उपग्रह आणि वारंवारता मधूनमधून बदलतात. मग गच्चीवर जा. मोबाइलच्या होकायंत्रात ९८ अंश लावा, कोन मोजायच्या अ‍ॅपवर १६ अंश धरा आणि त्या रेषेत काय दिसतं त्याचा फोटो काढून इथे टाका. समोर मोकळं आभाळ असेल तर पुढचं मी सांगतो.