प्रश्नोत्तरे : जिवाणूंची प्रथिने, विषाणूंची दारे

प्रश्न : जिवाणूंना ग्रासणाऱ्या लॅम्डा या विषाणूचा प्रयोग करण्यापूर्वी आम्हाला ई. कोलाय हे जिवाणू माल्टोज ही साखर घातलेल्या द्रावणात वाढवायला सांगतात. ते कशासाठी? (विद्यार्थिनी, माटुंगा)

उत्तर : ई. कोलायच्या बाह्य पटलात लॅम-बी नावाचे प्रथिन असते. माल्टोज आणि त्याच्या लहान साखळ्या आत घेणे हे त्याचे काम, त्यामुळे द्रावणात माल्टोज असले की जिवाणू ते भरपूर बनवतो आणि ग्लुकोज असले की फारच थोडे. लॅम्डाच्या शेपटीच्या टोकावरील जे-प्रथिन नेमके याच लॅम-बीला चिकटते. म्हणजे माल्टोज घालून तुम्ही विषाणूसाठी दारांची संख्या वाढवत असता. मात्र चिकटणे ही केवळ सुरुवात होय. विषाणूचे कवच बाहेरच राहते, आत जातो तो ४८,५०२ आधारजोड्यांचा (म्हणजे साखळीतील इतक्या दुव्यांचा) डीएनए, आणि आतले पटल ओलांडताना त्याला मॅनोज ही साखर आत घेणाऱ्या दुसऱ्याच प्रथिनांची मदत लागते. वर्गात हा दुसरा टप्पा बहुधा सांगायचा राहून जातो, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवतो.

प्रश्न : घातक ठरणारे असे प्रथिन जिवाणू टाकून का देत नाही? (निवृत्त शिक्षक, दादर)

उत्तर : काही जिवाणू टाकतातही, पण त्यांना उपासमार सोसावी लागते. टी-१ आणि टी-५ हे विषाणू ज्या एफएचयू-ए प्रथिनाला चिकटतात, ते लोह आत आणणारे आहे. टी-१ला दाद न देणारे जिवाणू विषाणूची गाठ पडण्याआधीच, योगायोगाने झालेल्या उत्परिवर्तनातून निर्माण होतात, हे लुरिया व डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये दाखवले. विषाणूही बदलतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लॅम-बी दुर्मीळ होताच लॅम्डाच्या जे-प्रथिनात चार बदल साचले आणि तो ओएमपी-एफ या वेगळ्याच प्रथिनाच्या वाटेने शिरू लागला.

प्रश्न : प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या संसर्गात या ज्ञानाचा उपयोग होईल का? (परिचारिका, परळ)

उत्तर : होऊ शकेल, आणि मला हीच दिशा सर्वांत आशादायक वाटते. स्यूडोमोनास हा जिवाणू औषध बाहेर फेकणारे पंप वापरतो. २०१६ मध्ये वर्णन झालेला ओएमकेओ-१ हा विषाणू त्याच पंपांच्या ओपीआर-एम या भागाला धरतो. पंप ठेवला तर विषाणू मारतो, आणि विषाणू टाळण्यासाठी पंप बदलला तर निष्प्रभ ठरलेले प्रतिजैविक पुन्हा लागू पडू लागते. हा उपचार अद्याप प्रायोगिक आहे; शिवाय विषाणू रुग्णाच्याच जिवाणूवर आधी तपासून घ्यावा लागतो, कारण एकाच जातीच्या दोन वाणांच्या पृष्ठभागांतही फरक असतो.