न्यूरोॲनाटॉमीसाठी जाड पुस्तक घ्यावं की बारीक?

न्यूरोॲनाटॉमीचं, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या रचनेचं, जाड पुस्तक घेणाऱ्यांतला मी. नुसतं घेतलं नाही, तीन वेळा वाचून काढलं, तेही तीन रंगांच्या पेनांनी: ट्रॅक्ट (तंतूंचे मार्ग) हिरवे, न्यूक्लियस (पेशींचे पुंजके) निळे, परीक्षेत हमखास येणारं ते पिवळं. त्यामुळे ‘सीनियर म्हणतात जाडच घे, मित्र म्हणतात बारीकवर भागतं, ॲटलास लागतो का आणि जुनी आवृत्ती चालते का’ हा तुमचा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना.

माझा रूममेट माझ्या बरोब्बर उलट होता. त्याच्याकडे केसवर आधारलेलं पुस्तक. त्याचं म्हणणं, आधी पेशंट, मग मेंदू. माझं म्हणणं, पाया नसताना केसेस वाचणं म्हणजे गोष्टी वाचणं. यावरून आमचं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाजायचं. वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क पडले आणि मी वाद जिंकलो असं धरून चाललो.

मग इंटर्नशिप आली. वॉर्डात पन्नाशीतले एक काका भरती झाले. एकाएकी गरगरलं, उलट्या झाल्या, आवाज घोगरा झाला, पाणी पिताना ठसका लागायचा आणि उचकी काही केल्या थांबेना. हातापायांत ताकद छान होती. सीटी स्कॅन स्वच्छ. कानाचं दुखणं असेल असं बहुतेकांचं मत पडलं होतं. हिस्टरी घेताना काका म्हणाले, “अंघोळीचं पाणी डाव्या अंगावर कढत लागतं आणि उजव्या अंगावर कोमट. पण तोंडाचं उलटं आहे हो. तोंडाची डावी बाजू बधिर आहे.”

मी टाचणी घेऊन तपासलं. चेहरा डावा बधिर, अंग उजवं. कापसाचा स्पर्श मात्र अंगावर दोन्हीकडे सारखा कळत होता. मी पाच मिनिटं विचार केला आणि केसपेपरवर लिहिलं: ‘संवेदनांचं वितरण शरीररचनेशी जुळत नाही.’ सभ्य भाषेत याचा अर्थ, हा माणूस काहीही सांगतोय.

राउंडला मॅडमनी ते वाचलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर बटाट्यासारखा एक आकार काढला (मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या देठाचा, म्हणजे ब्रेनस्टेमचा, छेद; पाँझ हा त्याचा मधला भाग, मेडुला सर्वांत खालचा), मधून उभी रेघ मारली आणि मला विचारलं, “चेहऱ्याचे वेदनेचे तंतू पाँझमध्ये शिरल्यावर कुठे जातात?” मी म्हणालो, “थॅलॅमसकडे,” म्हणजे मेंदूतल्या संवेदनांच्या मुख्य थांब्याकडे. “लगेच?” मी गप्प. मग त्यांनी रेघ काढत काढत सांगितलं: ते तंतू आधी त्याच बाजूने खाली उतरतात, मेडुलातून थेट मानेच्या मज्जारज्जूच्या वरच्या भागापर्यंत, आणि तिथल्या न्यूक्लियसशी बोलून मग पलीकडे जातात. अंगाचे वेदनेचे आणि तापमानाचे तंतू तर खाली मज्जारज्जूतच, शिरल्यापासून एक-दोन सेगमेंटमध्ये पलीकडे गेलेले असतात. म्हणजे मेडुलाच्या डाव्या कडेला दोन्ही शेजारी-शेजारी असतात, चेहऱ्याचे अजून न ओलांडलेले आणि अंगाचे आधीच ओलांडून आलेले. तिथे घाव बसला की चेहरा डावा जातो आणि अंग उजवं. स्पर्शाचा मार्ग आणि पिरॅमिड (हालचालीच्या तंतूंचा जुडगा) मध्यरेषेजवळ, म्हणून कापूस कळतो आणि ताकद शाबूत. घसा आणि स्वरयंत्र चालवणारा न्यूक्लियस ॲम्बिग्युअस तिथेच, म्हणून आवाज आणि ठसका.

“डावी पापणी बघितलीस?” त्यांनी विचारलं. नव्हती बघितली. किंचित उतरलेली होती, बाहुलीही उजवीपेक्षा लहान. पापणी आणि बाहुली सांभाळणारे, खाली उतरणारे सिंपथेटिक तंतूही त्याच कडेने जातात.

वॉलेनबर्ग नावाच्या डॉक्टरने 1895 साली लिहून ठेवलेलं या आजाराचं चित्र समोर खाटेवर बसून उचक्या देत होतं आणि मी त्याला खोटं ठरवलं होतं.

त्या रात्री खोलीवर जाऊन जाड पुस्तक उघडलं. पान सापडायला वेळ लागला नाही, कारण ते पिवळं होतं. कडेला माझ्याच अक्षरात ‘महत्त्वाचं’ आणि दोन चांदण्या.

म्हणजे पुस्तकात नव्हतं म्हणून चुकलो असं म्हणायची सोय राहिली नाही. गोम मांडणीत होती. चेहऱ्याच्या संवेदनेची पाचवी नर्व्ह क्रेनियल नर्व्हच्या प्रकरणात, अंगाच्या वेदनेचा स्पायनोथॅलॅमिक मार्ग मज्जारज्जूच्या, सिंपथेटिक ऑटोनॉमिकच्या आणि धमन्या शेवटी कुठेतरी. चारही मला स्वतंत्रपणे पाठ होत्या. पण त्या कडेला रक्त पुरवणाऱ्या धमनीला प्रकरणं कळत नाहीत. ती बंद पडते तेव्हा चार प्रकरणांतलं एकेक पान एकदम फाडते.

मग मी रूममेटला उठवलं आणि विचारलं, चेहरा एका बाजूचा आणि अंग दुसऱ्या बाजूचं, असं का होतं? तो अर्धवट झोपेत म्हणाला, “वॉलेनबर्गमध्ये तसंच असतं.” पण का? “तसंच असतं रे, झोप.” हे उत्तर झालं का? हे फक्त नाव झालं. त्याने निदान केलं असतं हे मान्य, आणि तो ते आजही दर भेटीत ऐकवतो. पण घाव अर्धा सेंटिमीटर मध्यरेषेकडे सरकला असता आणि जिभेची नर्व्ह, पिरॅमिड आणि मेडियल लेम्निस्कस (स्पर्शाचा मार्ग) सापडले असते, तर नुसत्या नावाने त्याला कुठवर नेलं असतं, याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.

आता तुमचं पुस्तक. दुकानात किंवा लायब्ररीत जितकी हाताशी येतील तितकी घ्या आणि सगळ्यांत एकच पान उघडा: मेडुलाचा ऑलिव्हच्या (बाजूच्या फुगवट्याच्या) पातळीवरचा छेद. पाचव्या नर्व्हचे तंतू खाली उतरताना दाखवलेत का बघा. त्याच छेदावर कोणती धमनी कुठला भाग पोसते ते दाखवलंय का बघा. मग पुस्तक मिटा आणि कागदावर तो छेद काढून बघा. ज्या पुस्तकातलं चित्र पाच मिनिटांत परत काढता येतं ते तुमचं पुस्तक. फोटोसारखी सुंदर, बावीस लेबलांची चित्रं बघायला छान असतात, पण हाताने उतरवता येत नाहीत. ती असलेली पुस्तकं मी आता कुणाला सुचवत नाही.

नावंच हवी असतील तर सांगतो. पहिल्या वाचनाला स्नेलचं पुस्तक पुरतं. ब्लुमेनफेल्डचं पुस्तक 2002 पासून निघतंय, पूर्ण केसेसवर बांधलेलं आणि चांगलंच जाडजूड. ते पहिल्या वर्षी विकत घेऊन वाचून संपवणारा मी पाहिलेला नाही, पण एकेक केस घेऊन सोडवायला त्याच्यासारखं नाही. (हो, रूममेटकडे तेच होतं. नाही, मी त्याला हे सांगितलेलं नाही.)

ॲटलास लागतो का? लागतोच, आणि त्याचं कारण कुणी सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या छेदांत ब्रेनस्टेमची पाठ वर असते. एमआरआयमध्ये पोट वर असतं आणि पेशंटची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला. वर्षभर एका दिशेने पाठ केलेलं चित्र वॉर्डात उलटं टांगलेलं दिसतं आणि माणूस गांगरतो. त्यात वायगर्ट पद्धतीने रंगवलेल्या स्लाइडवर मायलिन (तंतूंवरचं आवरण) काळं पडतं, म्हणजे ज्याला आपण व्हाइट मॅटर म्हणतो तेच काळंकुट्ट. पहिल्यांदा बघणारा ग्रे आणि व्हाइटची अदलाबदल करून मोकळा होतो. हेन्सच्या ॲटलासच्या अलीकडच्या आवृत्त्यांत छेद दोन्ही दिशांनी दिलेले आहेत. तेवढ्यासाठी तो घ्यावा.

जुनी आवृत्ती खुशाल चालते. पिरॅमिड कुठे ओलांडतो हे दर चार वर्षांनी बदलत नाही. फक्त स्कॅनची चित्रं जुनी असतील, आणि मेंदूला लसीकावाहिन्या नसतातच असं ठासून लिहिलेलं दिसलं तर त्या वाक्यावर काट मारा. 2015 मध्ये उंदरांच्या मेंदूच्या आवरणांत त्या दाखवल्या गेल्या, पुढे माणसांतही.

बारीक पुस्तकाबद्दल माझं मत वाईट आहे, पण एक कबुली. ब्रेनस्टेमचा मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला मजकूर काही पानांचा आहे: 2005 साली गेट्स नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने मांडलेला चारचा नियम. मध्यरेषेजवळ ‘एम’ने सुरू होणाऱ्या चार गोष्टी, कडेला ‘एस’ने सुरू होणाऱ्या चार, मेडुलात चार नर्व्ह, पाँझमध्ये चार, वर चार. मध्यरेषेजवळचे मोटर न्यूक्लियस कोणाचे? पहिल्या दोन नर्व्ह सोडून ज्यांचा आकडा बाराला नि:शेष भाग देतो त्यांचे, म्हणजे 3, 4, 6 आणि 12. हा माझ्या जाड पुस्तकात नव्हता. तेव्हा जाडीवरून काही ठरत नाही, आणि तुमच्या सीनियरना हे माझ्यातर्फे सांगायला हरकत नाही.

न्यूरोची भीती वाटत असेल तर ती जुनी गोष्ट आहे. 1994 मध्ये योझेफोविच या न्यूरॉलॉजिस्टनी तिला ‘न्यूरोफोबिया’ असं नावच देऊन टाकलं. मूलभूत विज्ञान आणि पेशंट यांची सांगड न बसणं हे त्यांनी दिलेलं कारण. मला ते पटतं, फक्त ती सांगड विकत मिळते असं समजू नका.

एक राहिलंच. पेपर तुमच्या कॉलेजचे लोक काढणार आणि ते ज्या पुस्तकातून शिकवतात त्यातूनच काढणार. तेव्हा तेही एक जवळ ठेवा, मत काहीही असो. आणि मी न्यूरॉलॉजिस्ट झालो नाही हेही लक्षात घेऊन वरचं सगळं वाचा.

काकांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारलं. उजव्या अंगाचं गरम-थंड मात्र परत आलं नाही. फॉलोअपला आले तेव्हा म्हणाले, आता पाणी डाव्या हाताने बघूनच अंगावर घेतो. मी ते केसपेपरवर जसंच्या तसं लिहून घेतलं.