दोघंही नोकरीवर, घर दिवसभर बंद, मग लहान कुत्रा कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नागपुरात मिहानला जॉबला, मनीष नगरला तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा टू बीएचके, सकाळी नऊला कुलूप लागतं ते संध्याकाळी सातला उघडतं, मिसेसना पग आवडतो, तुम्हाला शित्झू, तर दोघांतला कोणता घ्यावा. माझं उत्तर, दोन्ही नको. रागावू नका, हे मी पुस्तकातलं सांगून नाही राहिले, पग पाळून, हात पोळून सांगते आहे.

आम्ही पण तुमच्यासारखेच. मी बर्डीला बँकेत, नवरा वाडीला कंपनीत, घर प्रताप नगरला. २०१८ च्या डिसेंबरात पग आणला, नाव गोलू. तेव्हा डोक्यात एकच की लहान कुत्रा म्हणजे काम कमी, जागा कमी, खाणं कमी, आणि त्या मोबाईलवाल्या जाहिरातीनं पग तर सगळ्यांच्याच मनात बसवून ठेवला होता. विकणाऱ्यानं सांगितलं दीड महिन्याचा आहे, आम्ही म्हटलं वा, लहानपणापासून राहिला तर लळा लागतो. नंतर कळलं की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच मनाई आहे, २०१७ चे केंद्राचे नियम आहेत कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे, त्यात आहे हे. आणि ते उगाच नाही, चावायचं किती जोरात, थांबायचं कधी हे पिल्लू आईजवळ अन् भावंडांत मार खाऊन शिकतं. गोलू ते माझ्या बोटांवर शिकला.

पिल्लाचा एक मोटामोटी हिशोब असतो, जितके महिने वय त्यात एक मिळवायचा, तितके तास ते सू धरून ठेवू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. तुमचं घर दहा तास बंद. बरं, खाली फिरवून आणावं तर लसी पूर्ण झाल्याशिवाय रस्त्यावर सोडता येत नाही, पार्वोची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची भीती असते, आणि त्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन दर तीन-चार आठवड्यांनी करत सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची वेगळी, ती तीन महिन्यांनंतर. म्हणजे दोन-अडीच महिने घरात चोवीस तास कोणीतरी पाहिजेच. आम्ही आधी आळीपाळीनं सुट्ट्या टाकल्या, त्या संपल्यावर सासूबाईंना बोलावलं, त्यांना कुत्र्याचं भारी वावडं, पण शेवटी गोलूचं सगळं त्यांनीच केलं बिचाऱ्यांनी. तुमच्याकडे अशी सासू असेल तर गोष्ट वेगळी.

आता मे महिन्याची गोष्ट. सासूबाई दोन दिवस लग्नाला उमरेडला गेल्या. मी सकाळी कूलरची टाकी काठोकाठ भरली, दोन भांडी पाणी ठेवलं, पडदे ओढले आणि निघाले, मनात म्हटलं एका दिवसाचाच तर प्रश्न आहे. साधारण बारा वाजता आमच्या लाईनची डीपी उडाली, वीज गेली, कूलर बंद. मला काहीच माहीत नाही, मी आपली एसीत बसून पासबुकं छापून राहिली. साडेसहाला दार उघडायच्या आधीच आतून आवाज येत होता, कोणी जोरजोरात घोरतंय असा. गोलू बाथरूमच्या उंबऱ्यापाशी चारही पाय फाकवून फरशीला चिकटून पडलेला, जीभ बाहेर, लाल नाही, जांभळट, तोंडाला घट्ट चिकट लाळ, आणि पाण्याचं भांडं जसंच्या तसं भरलेलं. बाथरूमचा नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी, मे महिन्यात नागपूरला ते कसं असतं तुम्हाला सांगायला नको, हात पोळतो. मग माठातलं पाणी गडव्यानं पोटावर, काखेत, पंजांवर ओतलं, ओल्या टॉवेलवर शेजारच्या दादांच्या गाडीत टाकला, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि डॉक्टरकडे नेला. तिथे ताप १०६ निघाला. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ च्या आसपास असतं. वाचला तो, नशीब आमचं. पण त्या रात्री सलाईन लावलेला गोलू मांडीवर घेऊन बसले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण कुत्रा निवडलाच नव्हता, फोटो निवडला होता.

डॉक्टरांनी मग समजावलं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांतून येतो तेवढाच. तो थंड होतो धापा टाकून, नाक-तोंडाच्या ओलाव्यावरून हवा जाते, पाणी उडतं, अंग थंड होतं. थोडक्यात त्याच्या थोबाडातच एक कूलर बसवलेला असतो. पगचं थोबाड चपटं, नाकपुड्या बारीक, आत टाळू लांब आणि जागा कमी, म्हणजे हा कूलर छोटा आणि त्याची जाळी अर्धी बंद. धापा टाकायलाच त्याला इतकी मेहनत लागते की त्या मेहनतीनं तो आणखी तापतो. शित्झूचं पण नाक चपटंच, वर अंगावर हे एवढे केस. बुलडॉगचं तर विचारूच नका. हे कुत्रे वाईट नाहीत हो, गोलूसारखा प्रेमळ जीव मी दुसरा पाहिला नाही, पण ज्या गावात २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ ला गेला होता त्या गावात दिवसभर बंद घरात एकटा ठेवायला हे नाहीत. एसी चालू ठेवून जाऊ म्हणाल तर लाईन गेल्यावर एसी पण जातो, आणि दहा तास एसीचं बिल एकदा काढून पाहा.

आणखी एक, जे आम्हाला पण उशिरा लक्षात आलं. लोकांना वाटतं नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, गेला की सुटलो. उलट जूनच्या शेवटी-जुलैत, पाऊस पडतो पण ऊन पण असतं तेव्हा हवा चिपचिपी होते, पाणी उडत नाही, म्हणून आपला कूलर नुसताच दमट वारा फेकतो. आता कुत्र्याच्या थोबाडातला कूलर पण त्याच तत्त्वावर चालतो ना, तो पण तेव्हाच कामातून जातो. गोलू मे पेक्षा जुलैत जास्त हापायचा.

म्हणून ब्रीड शोधायच्या आधी एक करा. या शनिवारी दोघंही घरी थांबा, पण कामावर गेल्यासारखं घर ठेवा, म्हणजे जसे पडदे ठेवता तसेच, जेवढ्या खिडक्या बंद करता तेवढ्याच, कूलर भरला तो एकदाच, मध्ये भरायचा नाही, आणि हॉलमध्ये खाली फरशीवर बसा, सोफ्यावर नाही. दीडशे-दोनशे रुपयांचं भिंतीवरचं थर्मामीटर मिळतं ते खाली टेकवून ठेवा. टाकी किती वाजता आटते, पश्चिमेची भिंत किती वाजता तापायला लागते, शेजारी किती आवाज येतो, सगळं कळतं. आमच्या घरी टाकी पावणेतीनला कोरडी व्हायची आणि मोटर नुसतीच घरघरत राहायची, हे लग्नाला दहा वर्षं झाली तरी आम्हाला माहीत नव्हतं, कारण त्या वेळी घरात आम्ही कधी नसायचोच.

आता गोलू कुठे आहे विचाराल. नणंदेकडे नाशिकला, त्यांच्या घरी दिवसभर माणसं असतात. सहा महिने मी नणंदेशी फोनवर धड बोलू शकत नव्हते, मागून गोलूचा आवाज ऐकू आला की रडू यायचं, असो.

दीड वर्षानं भुरी आली. ही कोणती ब्रीड ते देवाला माहीत, तोंड गावठी, शेपूट पॉमची, वजन आठ किलो. ओळखीतलं एक कुटुंब बंगलुरूला शिफ्ट होऊन राहिलं होतं, घरातले आजोबा गेले, आजी मुलीकडे, कुत्री कोणाकडे तर कोणाकडेच नाही. वय तीन वर्षं. आम्ही आधी चार रविवार नुसतं भेटायला गेलो. तिला दिवसातून दोनदा बाहेर जायची सवय होती, दुपारी झोपायची सवय होती, प्रेशर कुकरच्या शिट्टीची, डोअरबेलची, लिफ्टची सवय होती, चावण्याचं वय निघून गेलेलं. पूर्ण वाढलेला कुत्रा घेतला की समोर जे दिसतं तेच मिळतं, भुंकतो की नाही, एकटा राहतो की नाही, मांजर पाहून वेडा होतो की नाही. पिल्लात हे काहीच दिसत नाही, पिल्लू सगळंच गोड असतं. मोठा कुत्रा माणसाला लावून घेत नाही म्हणतात, ते मला तरी पटलेलं नाही. भुरी तिसऱ्या दिवशी माझ्या बँकेच्या पर्सवर डोकं ठेवून झोपली, आणि मी निघते तेव्हा अजूनही पर्सवरच बसते, रोज उठवावं लागतं.

तर माझं मत, दोन-तीन वर्षांच्या पुढचा, नाक लांब असलेला, केस कमी असलेला, आधी फ्लॅटमध्ये राहिलेला कुत्रा शोधा. गावठी मिक्स पहिला नंबर, आपल्या उन्हाला तोच टिकतो, आणि मादी घेतली तर बरेचदा साईज पण आटोपशीर. डॅशहुंड पण चालतो, केस बारीक, नाक लांब, पण पाठ नाजूक असते, सोफ्यावरून उड्या मारू द्यायच्या नाहीत आणि तिसऱ्या मजल्याचे जिने त्याला उचलूनच न्यावे लागतील, लिफ्ट आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. पॉम म्हणून आपल्याकडे मिळतो तो बहुतेक इंडियन स्पिट्झ असतो, हुशार, काटक, पण भुंकतो, आणि दिवसभर एकटा असला तर डबल भुंकतो. उन्हाळा आला म्हणून त्याला चकोट करू नका मात्र, ते दोन थरांचे केस उन्हापासून पण वाचवतात. बीगल लहान दिसतो म्हणून फसू नका, शिकारी कुत्रा आहे, एकटा पडला की लांडग्यासारखा सूर लावतो आणि घराची वाट लावतो. टीकप-बिकप, म्हणजे कपात मावेल एवढा कुत्रा म्हणून कोणी विकत असेल तर तिथून निघून या.

मनीष नगरला, बेसाला रेंटवाले बदलत राहतात, त्यामुळे घर शोधणारे मोठे कुत्रे मिळतात, दत्तक देणारे लोक आहेत गावात, आणि सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला किंवा जवळच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं तर त्यांना बरोबर माहीत असतं कोण कोणाला द्यायला बघतंय. आणायच्या आधी एकदा तपासून घ्या, गोचीड-तापाची रक्ततपासणी सांगून करवून घ्या, तो ताप आपल्याकडे फार कॉमन आहे आणि वरून दिसत नाही.

तरी दहा तास म्हणजे दहा तासच, तो प्रश्न मोठ्या कुत्र्यानं पण पूर्ण सुटत नाही. आमच्याकडे ते गणित मावशींनी सोडवलं. भांड्यांना सकाळी सातला यायच्या, आम्ही त्यांना म्हटलं दुपारी दीडला या, चावी तुमच्याजवळ ठेवा, भांडी घासा, भुरीला खाली दहा मिनिटं सावलीत फिरवा, पाणी बदला, कूलर भरा आणि लाईन नसेल तर मला फोन करा. महिन्याला हजार रुपये जास्तीचे देतो. सुरुवातीला मावशी म्हणे, बाई, मी नाही बाप्पा कुत्रं फिरवत. आता त्या घरून पोळीचा तुकडा पदरात बांधून आणतात आणि त्यांना वाटते मला दिसत नाही. कॅमेरा पण लावला आम्ही, पण कॅमेरा काही कूलर भरत नाही, दुपारचं माणूस नक्की झाल्याशिवाय कुत्रा आणूच नका, हे मी सगळ्यात जोरात सांगेन.

फिरवायचं मे मध्ये पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. हाताची उलटी बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा, टेकवत नसेल तर त्याचे पंजे पण टेकवत नाहीत. सोसायटीवाले कुत्र्याला बंदी म्हणाले तर तशी बंदी घालता येत नाही, पशू कल्याण मंडळाच्या गाईडलाईन्स आहेत, लिफ्ट पण नाकारता येत नाही, पण घरमालकाला आधी विचारा, अॅग्रीमेंट रिन्यू करताना तोच कागद समोर येतो.

आणि आत्ता लगेच नका आणू. उन्हाळा चालू आहे, तुम्ही दोघं नवीन, कुत्रा नवीन, सगळ्यांचेच हाल होतील. पावसाळा जाऊ द्या, दिवाळीचे फटाके होऊ द्या, नोव्हेंबरात आणा, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत थंडीचे दिवस मिळतात, आधी पाच मिनिटं एकटं सोडा, मग अर्धा तास, मग अर्धा दिवस, असं करत त्याला कळतं की हे लोक जातात पण येतात. तोपर्यंत शनिवारचा तो प्रयोग करा आणि टाकी किती वाजता आटली ते इथे कमेंटमध्ये लिहा, मला खरंच उत्सुकता आहे, तिसऱ्या मजल्यावर म्हणजे दोनच्या आधीच आटत असेल.