गॅरेजातून उत्तर: टर्बो बदलण्याआधी पाइप बघा

एप्रिल लागला की माझ्याकडं दोनच तक्रारींची पत्रं येतात. गाडी तापली, नाहीतर गाडी ओढत नाही. सोलापुरात पारा ४२ च्या वर गेला की माणूस झाड शोधतो, इंजिनाला ती सोय नाही. या वेळच्या गठ्ठ्यातली पाच पत्रं घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण त्यात एका माणसाचे साठ हजार अडकलेत.

प्रश्न : माझी डिझेल एसयूव्ही २०१५ ची आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. महिनाभरापासून तुळजापूरचा घाट चढताना गाडीत दमच नाही. रेस दिली की मागून काळा धूर आणि बॉनेटखालून ‘फुस्स’ असा आवाज. आमचे मिस्त्री म्हणतात टर्बो गेला, साठ हजार तयार ठेवा. काय करू?
— एक आडत व्यापारी, बार्शी

उत्तर : साठ हजार सध्या कपाटातच राहू द्या. तुमच्या पत्रातला ‘फुस्स’ हा शब्द मी दोनदा वाचला. टर्बो खरंच जायला आला असेल तर तो सायरनसारखा चढत जाणारा आवाज काढतो, नाहीतर ऑइल खातो आणि मागून निळा धूर येतो. फुस्स म्हणजे कुठंतरी दाबलेली हवा निसटतेय.

टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक पंखा इंजिनातून निघालेल्या गरम धुरावर फिरतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनाकडं पाठवतो. ही हवा दाबताना तापते, म्हणून आधी इंटरकूलरमध्ये गार होते आणि मग आत जाते. या सगळ्या वाटेवर रबरी पाइप, म्हणजे होज, आणि क्लिपा असतात. होज फाटला की कॉम्प्युटरनं मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत पोचतच नाही, डिझेल मात्र त्याच हिशेबानं पडत राहतं. ते पुरतं जळत नाही, आणि तोच तुमचा काळा धूर.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एक गाडी माझ्याकडं आली होती, तीही ‘टर्बो गेला’ असा शिक्का घेऊन. होज वरून बघितला तर नवा वाटावा असा. खाली झोपून, मोबाईलची बॅटरी मारून बघितलं तर इंटरकूलरच्या खालच्या तोंडाजवळ धूळ चिकटलेला एक ओला काळा डाग. तिथं होज एका पट्टीला घासत होता. चीर करंगळीच्या नखाएवढी, आणि इंजिन बंद असताना मिटलेल्या ओठासारखी बंद. आम्ही टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडाला बूच बसवून कॉम्प्रेसरची हवा दिली, अर्धा बार दाबाच्या आसपास, आणि होजवर साबणाचं पाणी मारलं. तव्यावर पोळी फुगावी तसा तिथं फेस फुगला. होज बदलला, पट्टी थोडी वाकवली, गाडी त्याच संध्याकाळी पळाली. तुमच्या मिस्त्रींना हीच टेस्ट करायला सांगा. हवा मात्र एक बारच्या पुढं देऊ नका, चांगले होज आणि सीलही उपटून येतील.

होज ठीक निघाले तर टर्बोकडं वळा. गाडी बंद आणि पूर्ण गार हवी. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढला की आतला पंखा दिसतो. त्याच्या मधला नट दोन बोटांत धरून आधी आडवा हलवा. किंचित हलला तर घाबरू नका, त्याची बेअरिंगं ऑइलवर तरंगणारी असतात आणि ऑइलचा दाब नसताना तेवढी ढिलाई असतेच. मग तोच दांडा आत-बाहेर ओढून बघा. तिथं हाताला काहीही जाणवता कामा नये. जाणवलं, किंवा पात्यांची टोकं बाहेरच्या घराला घासल्याच्या चकचकीत रेघा दिसल्या, तर मिस्त्रींचं म्हणणं खरं. पाइपात ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून मात्र टर्बोला फाशी देऊ नका. इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ सोडणाऱ्या नळीतून, तेवढं येतंच. वाटीभर ओतता येईल इतकं साचलं असेल तर गोष्ट वेगळी.

तिसरी जागा अॅक्च्युएटरची, म्हणजे टर्बोच्या आतली पाती हलवणाऱ्या भागाची. टर्बोच्या बाजूला डबी आणि तिला एक बारीक दांडी असते. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू झालं की ही दांडी ओढली जाते. दांडी हललीच नाही तर आधी तिची व्हॅक्यूमची नळी बघा, उन्हानं तडकलेली असते. नळी चांगली असूनही दांडी अडत असेल तर टर्बोच्या आतल्या हलत्या पात्यांवर काजळी बसलीय. ती काढता येते.

आणि इतकं करून टर्बो बदलायचाच ठरला, तर जुना का गेला हे आधी विचारा. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि ऑइलच्या कागदाहून पातळ थरावर जगतो. ऑइलची नळी कार्बननं चोंदलेली तशीच ठेवली तर नवा टर्बोही थोड्या दिवसांत जातो. म्हणून ती नळी नवी, ऑइल आणि फिल्टर नवं, इंटरकूलर आतून धुतलेला, आणि गाडी सुरू करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात हातानं ऑइल सोडलेलं. ऑइलच्या जोडावर गॅस्केटच (जोडात दाबून बसवायची पातळ चकती) लावा, सिलिकॉनची पेस्ट नको. तिचा एक तुकडा सुटून नळीत गेला की खेळ खलास.

आता माझी एक गोष्ट सांगतो. मी १९८९ साली सात रस्त्याजवळच्या एका गॅरेजात पाने देणारा पोऱ्या म्हणून लागलो. मग स्वतःचं गॅरेज टाकलं आणि वीसेक वर्षांनी, अगदी मिस्त्री झाल्यावर, एका गाडीचा पाइप काढून धूळ जाऊ नये म्हणून तोंडात फडकं कोंबलं. जेवणाची सुट्टी झाली, परत आलो, पाइप बसवला, गाडी सुरू केली. एक ‘खर्र’ आवाज, आणि मग शांतता. पात्यांत फडक्याचे धागे पिळून बसले होते. नवा टर्बो माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून माझ्याकडं उघड्या पाइपाला फक्त लाल फडकं लागतं, तेही बाहेरून बांधलेलं, आणि त्याचं एक टोक बॉनेटच्या बाहेर लोंबत ठेवायचं.

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी, नऊ वर्षांची. पंढरपूरहून येताना अचानक पॉवर गेली आणि बॉनेटमधून वाफ. टेंपरेचरचा काटा शेवटपर्यंत मधोमध होता! आता हेड उतरवावं लागेल म्हणतात. काटा खोटं बोलतो का?
— एक शिक्षिका, मंगळवेढा

उत्तर : बाई, काटा खोटं बोलला नाही, त्याला कळलंच नाही. तो ज्या सेन्सरवरून चालतो तो पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी गळून पातळी सेन्सरच्या खाली गेली की त्याच्याभोवती नुसती हवा आणि वाफ राहते, मग तो काय वाटेल ते दाखवतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दामच असा बसवलेला असतो की तापमान बरंच वरखाली झालं तरी तो मधोमधच राहावा, चालवणाऱ्यानं उगाच घाबरू नये म्हणून.

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. ते उतरवण्याआधी मिस्त्रींकडून दोन गोष्टी करून घ्या. गार इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढून पाणी भरा, गाडी सुरू करा आणि पाण्याकडं बघत बसा. रेस दिली की आतून सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय, म्हणजे हेडखालचं गॅस्केट, हेड गॅस्केट, गेलं. सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, त्यांना धरू नका. मग ऑइलची डिपस्टिक काढून पुसा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलात उतरलंय, आणि त्या स्थितीत गाडी एक मिनिटही चालवायची नाही.

आता पाणी गेलं कुठं? तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय, ‘दर आठवड्याला थोडं बोअरचं पाणी घालत होतो.’ आपल्याकडचं बोअरचं पाणी कसलं असतं हे आंघोळीच्या पाण्याचं भांडं आतून बघितलं की कळतं, पांढरा थर नखानं खरवडावा लागतो. तोच थर रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत बसतो. मी एकदा असा रेडिएटर कापून बघितला, अर्ध्याच्या वर नळ्या खडूनं भरल्यासारख्या. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला, नाहीतर तयार मिसळलेलं मिळतं ते. हिरवा, लाल, गुलाबी या रंगांवर जाऊ नका, गाडीच्या पुस्तकात कोणता प्रकार लिहिलाय ते बघा आणि दोन प्रकार एकत्र करू नका. आणि मुळात दर आठवड्याला पाणी घालावं लागतं हीच तक्रार होती. कूलंटची वाट बंद असते, ते संपायचं नसतं.

झाकणाचा रबरही बघा. ते झाकण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं, त्यामुळं आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. रबर वाळला की दाब गेला, आणि चांगल्या गाडीतही उन्हात पाणी उतू जातं. गरम इंजिनावर ते झाकण कधीच उघडू नका. माझ्या डाव्या मनगटावर त्याचा डाग आहे, आता पस्तीस वर्षांचा झाला.

आणखी एक. कुणी ‘उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकू’ म्हणालं तर पुढच्या गॅरेजला जा. ती जुनी खोड आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप. ती नसली की इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइल खराब होतं. मूळ दुखणं मात्र तिथंच राहतं.

पुढच्या वेळी वाटेत काटा चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा आणि बाजूला घ्या. मे महिन्यात हीटर म्हणजे शिक्षा आहे, पण इंजिनाची उष्णता तेवढी बाहेर येते. हीटरमधून गार हवा आली तर समजा पाणीच नाही, लगेच इंजिन बंद करा.

प्रश्न : थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं. हेड गॅस्केट गेलं का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : नाही. इंधन जळलं की पाण्याची वाफ होते आणि गार पाइपात तिचं पाणी होतं. दहा मिनिटांत थांबतं ना? मग झोपा निवांत. गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर लिहा.

प्रश्न : बीएस ६ डिझेल गाडी घेतली. रोज जुळे सोलापूर ते नवी पेठ, बास. आता डीपीएफचा दिवा लागतो. एक जण म्हणतो, कापून साधा पाइप लावून देतो, कटकट संपेल.
— एक कापड दुकानदार, सोलापूर

उत्तर : त्याला नमस्कार करून बाहेर या. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा डबा, काढणं बेकायदेशीर आहे, आणि धुराचा त्रास तुमच्याच गल्लीला.

एप्रिल २०२० पासूनच्या, म्हणजे बीएस ६ या धुराच्या नियमातल्या, डिझेल गाड्यांत हा गाळणीचा डबा सगळीकडं दिसायला लागला. तो काजळी साठवतो आणि सहाशे अंशांच्या आसपास तापून ती जाळतो. जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढ्यात तो कोमटच होतो. दिवा नुसता लागला असेल आणि इंजिनाचा दिवा बंद असेल, तर एका सकाळी पुणे रस्त्यानं मोहोळपर्यंत जाऊन या. एक गिअर खाली ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या वर, न थांबता वीस-पंचवीस मिनिटं. इंजिनाचा दिवाही लागला असेल तर हे करू नका, आधी स्कॅन करून घ्या.

दोन गोष्टी सोबत बघा. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर चढलंय का? जाळण्याचं काम अर्ध्यात थांबत राहिलं की डिझेल ऑइलात उतरतं, आणि पातळ ऑइलानं टर्बो जातो. आणि ऑइल पुस्तकात लिहिलेलं, कमी राखेचंच घाला. राख जळत नाही, ती डब्यातच बसते.

मोहोळहून येताना चहाला थांबलात तर वाळक्या गवतावर किंवा कडब्याजवळ गाडी लावू नका. तो डबा त्या वेळी चुलीसारखा तापलेला असतो. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यात असाच कडबा पेटला होता, गाडी वाचली ती पोरांनी ढकलली म्हणून.

प्रश्न : गार इंजिन सुरू केलं की पुढून ‘फट फट’ आवाज येतो, तापल्यावर जातो. गाडीत हलका धुराचा वासही येतो. दुर्लक्ष करावं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आवाजाकडं चार दिवस केलं असतंत तर चाललं असतं, वासाकडं अजिबात नाही. इंजिनाला लागून असलेल्या, धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकतंय किंवा त्याला तडा गेलाय. लोखंड तापलं की फट मिटते, म्हणून आवाज जातो. जोडाजवळ काजळीची काळी जीभ दिसेल, तीच जागा. टर्बोच्या गाडीत ही फट टर्बोच्या आधी असली तर पिकअपही कमी झाला असेल.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. तुम्हाला जो वास येतोय तो इतर धुराचा, पण त्याच्यासोबत हाही आत येतो. दुरुस्तीपर्यंत काचा खाली ठेवा, एसी लावून उभ्या गाडीत झोपू नका, पोरांना मागं बसवून लांब जाऊ नका. गाडी उद्याच दाखवा.