‘मिस्सा’: निरोपावरून पडलेलं नाव

प्रश्न असा आला आहे: “कॅथलिक उपासनेला ‘मिस्सा’ म्हणतात. हा शब्द लॅटिन की पोर्तुगीज? त्याचा अर्थ ‘बलिदान’ असा आहे का? उपासना लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत आली, तरी नाव लॅटिनच का राहिलं? आणि मराठीत मिस्सा लिहावं की मास?”

मराठीला हा शब्द पोर्तुगीजांकडून मिळाला आणि पोर्तुगीजला लॅटिनकडून. नाताळ, पाद्री, क्रूस हे शब्दही त्याच वाटेनं आले, पण लॅटिनमधले नातालिस, पातेर, क्रुक्स त्यांत चटकन ओळखू येत नाहीत. मिस्साचा तोंडवळा मात्र जवळजवळ तसाच राहिला.

अर्थ ‘बलिदान’ नाही. मूळ क्रियापद ‘मित्तेरे’, म्हणजे पाठवणं. मिशन, मिशनरी, एवढंच काय मिसाइलसुद्धा याच घरातले. ‘मिस्सा’ हे उत्तरकालीन लॅटिनमधलं नाम, अर्थ पाठवणी, निरोप. विधीच्या अखेरीस धर्मगुरू म्हणत, ‘इते, मिस्सा एस्त’. म्हणजे ‘जा, निरोप झाला’. ‘अर्पण’ अशा अर्थाच्या एका हिब्रू शब्दाशी त्याचं नातं लावायचा प्रयत्न पूर्वी झाला होता, पण तो टिकला नाही.

मला या शब्दात सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की तो मुळात देवळातला नव्हेच. फ्रान्समधल्या व्हिएन्न इथले बिशप आविटुस यांनी सन ५००च्या सुमारास एका पत्रात लिहून ठेवलं आहे, की चर्चमध्ये, राजवाड्यात आणि दरबारात लोकांना मोकळं करताना ‘मिस्सा’ झाल्याचं जाहीर करतात. म्हणजे हा रोजच्या कारभारातला शब्द होता. सभा संपली, आता निघा, इतकाच. चर्चमध्ये असा निरोप दोनदा व्हायचा. प्रवचनानंतर, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) न झालेल्या दीक्षार्थींना आधी बाहेर पाठवत. उरलेल्यांना विधी पूर्ण झाल्यावर निरोप मिळे. या निरोपांचं नाव हळूहळू अख्ख्या विधीला चिकटलं.

कॅथलिक परंपरेत नावं सहसा उलट दिशेनं पडतात, पहिल्या शब्दावरून. ‘क्रेदो’ म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’, श्रद्धेच्या कबुलीचा पहिला शब्द. ‘ग्लोरिया’ तसंच. मृतांसाठीच्या मिस्साला ‘रिक्विएम’ म्हणतात, कारण तिची पहिली प्रार्थना विश्रांती मागणाऱ्या त्या शब्दानं सुरू होते. पोपच्या पत्रांनाही हीच रीत: १८९१चं ‘रेरुम नोव्हारुम’ ही सुरुवातीच्या शब्दांवरूनच पडलेली ओळख. २०१५चं ‘लाउदातो सी’ तर लॅटिनही नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसनं तेराव्या शतकात आपल्या, इटलीतल्या उंब्रियाच्या बोलीत रचलेल्या गीतातले ते शब्द आहेत. या सगळ्या गोतावळ्यात शेवटच्या वाक्यावरून नाव मिळालेली मिस्सा एकटीच उठून दिसते.

आता भाषेचा प्रश्न. “लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत” असं आपण सहज म्हणतो, पण रोममध्ये लॅटिन हीच लोकांची भाषा म्हणून आली होती. तिथल्या ख्रिस्ती लोकांची सुरुवातीची उपासना ग्रीकमध्ये चाले. चौथ्या शतकात लॅटिननं तिची जागा घेतली, कारण लोक ग्रीक विसरत चालले होते. बायबलच्या लॅटिन भाषांतरांची डागडुजी विद्वान धर्मगुरू जेरोमनं ३८२च्या सुमारास पोप दमासुस यांच्या सांगण्यावरून हाती घेतली, तीही याच काळात. लॅटिन विधीतही ‘किरिये एलेइसोन’, ‘प्रभू, दया कर’, हे शब्द मात्र ग्रीकच आहेत. आमेन आणि हालेलुया तर त्याहून जुने, हिब्रू.

पुढे लॅटिनचीही तीच गत झाली. ८१३ साली फ्रान्समधल्या तूरच्या धर्मसभेनं ठराव केला की बिशपांनी प्रवचनं सर्वांना समजतील अशी, गावठी रोमन भाषेत किंवा जर्मनमध्ये द्यावीत. वेदीवरची भाषा आणि माणसांची भाषा वेगळ्या झाल्याची ती जाहीर कबुलीच होती. ट्रेन्टच्या धर्मसभेनं १५६२ मध्ये लॅटिन राखली, पण मिस्सा चालू असताना तिचा अर्थ लोकांना वरचेवर समजावून सांगा, असंही बजावलं. (हे सगळं रोमन विधीपुरतं. पूर्वेकडच्या कॅथलिक चर्चेस सुरियानी, ग्रीक, जुनी स्लाव्ह अशा भाषांत उपासना करत आल्या आहेत. कॅथलिक म्हणजे लॅटिन हे समीकरण कधीच पूर्ण खरं नव्हतं.)

भाविकांच्या हातातलं जुनं मिस्सा-पुस्तक उघडलं की ही दरी डोळ्यांनी दिसते. डाव्या रकान्यात लॅटिन, उजवीकडे तेच लोकभाषेत, मधे बारीक रेघ. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे या सूचना तांबड्या शाईत. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून हळू आवाजात लॅटिन म्हणत असत, आणि ज्यांच्याकडे पुस्तक नसे ते घंटा वाजेपर्यंत आपली रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत बसत.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनं ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात लॅटिन काढून टाका असं म्हटलेलं नाही. लॅटिनचा वापर राखावा आणि लोकभाषेला अधिक जागा द्यावी, असं त्यात आहे. लोकभाषेसाठी तिथे ‘व्हर्नाकुला’ हा शब्द आहे. तो ‘व्हेर्ना’पासून आला, म्हणजे मालकाच्या घरातच जन्मलेला गुलाम. घरातली भाषा, पण मान नसलेली. ७ मार्च १९६५ रोजी पोप सहावे पॉल यांनी रोममधल्या एका साध्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) इटालियनमध्ये मिस्सा केली, तेव्हा त्या घरातल्या भाषेला वेदीवर मान मिळाला. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो.

मग नाव का बदललं नाही? कारण तोवर ते लॅटिन राहिलंच नव्हतं. फ्रेंच मेस, जर्मन मेस्से, स्पॅनिश मिसा, इंग्रजी मास: प्रत्येक भाषेनं ते आपल्या तोंडात बसवून घेतलं होतं. जर्मनमध्ये तर मेस्से म्हणजे व्यापारी मेळासुद्धा, कारण सणाच्या मिस्साला माणसं जमली की बाजार भरायचा. ‘ख्रिसमस’च्या शेपटीतही हाच शब्द आहे. तुम्ही विचारता त्या ‘बलिदाना’च्या जवळचा ‘अर्पण’ हा अर्थ हवा असेल तर वेल्श भाषेकडे पाहा: तिथे मिस्साला ‘ओफेरेन’ म्हणतात, तो अर्पणावरूनच आलेला लॅटिन शब्द.

निरोपाचा अर्थही पुसला गेलेला नाही. २००८ साली समारोपासाठी आणखी काही पर्यायी वाक्यं मान्य झाली. त्यांतलं एक म्हणतं, ‘जा, प्रभूची सुवार्ता सांगा’. म्हणजे निघा एवढंच नाही, कशासाठी निघायचं तेही.

मराठीत ‘मास’ लिहू नये असं माझं मत आहे. महिना आणि मांस हे दोन्ही अर्थ वाचणाऱ्याच्या मनात आधी येतात. ‘ख्रिस्तयाग’ (ख्रिस्ताचा यज्ञ) हा शब्द सुंदर आहे, आणि विधीत काय घडतं ते सांगायचं असेल तिथे तोच वापरावा. ‘पवित्र मिस्साबलिदान’ असंही लिहितात. बोलताना मात्र मिस्सा, आणि स्त्रीलिंगी: मिस्सा सुरू झाली, मिस्सा झाली.