परत आलेला पेपर

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आहे. ज्वारीच्या रोपांवर क्षारांचा काय परिणाम होतो, यावरचा माझा पेपर पाच महिन्यांनी रिजेक्ट होऊन आला. एक रिव्ह्यूअर म्हणतो प्रयोग एकदाच केलाय, दुसरा म्हणतो निष्कर्ष ताणले आहेत. गाइड सर म्हणतात, आहे तसाच तीन-चार जर्नलना पाठव, कुठेतरी लागेल. ‘केअर लिस्टेड, आठ दिवसांत प्रकाशन’ म्हणणाऱ्या एका जर्नलला मी फाइल पाठवलीही. आता ते फी मागताहेत.

उत्तर : फी भरू नका. पेपर मागे घेत असल्याची मेल आजच करा, सहलेखकांना सीसीमध्ये ठेवा आणि ती मेल जपा. मागे घेण्याचेही पैसे मागणारे असतात, त्यांना दाद देऊ नका. केअर ही यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य जर्नलची यादी, ती तर त्यांनी फेब्रुवारी 2025मध्ये बंदच केली, आणि आठ दिवसांत तज्ज्ञांकडून तपासून, दुरुस्त होऊन पेपर छापला जात नसतो.

तीन-चार ठिकाणी एकदम पाठवणं तर नकोच. सबमिट करताना ‘हा पेपर दुसरीकडे विचाराधीन नाही’ अशी कबुली आपण देतो, ती खोटी ठरते. शिवाय तुमचा विषय लहान. नव्या जर्नलचा संपादक पेपर नेमका त्याच जुन्या रिव्ह्यूअरकडे पाठवू शकतो. एक शब्दही न बदललेली फाइल पाहून तो काय लिहील, ते सांगायला नको.

दुसरीकडे पाठवाच, पण दुरुस्त करून. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचा 1964मधला एक पेपर ‘फिजिक्स लेटर्स’ने नाकारला होता. त्यांनी त्यात थोडी भर घातली आणि तो ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’कडे धाडला. आज हिग्ज बोसॉन म्हणतात त्या नव्या कणाचा उल्लेख आला तो या वाढवलेल्या मजकुरात.

तुमचा प्रयोग, माझ्या समजुतीनुसार, कुंड्यांमधला आहे. मग पहिला आक्षेप दूर करायला दीड-दोन महिने पुरतील. पुढचं जर्नल उत्तर द्यायला एवढा वेळ सहज घेईल. तेव्हा आधी कुंड्या भरा. निकाल पहिल्यासारखा आला तर पेपर भक्कम होईल. वेगळा आला तर तो छापण्याआधी कळला हे बरंच. दुसरा आक्षेप एका संध्याकाळचं काम आहे. रोपांवर दिसलेल्या परिणामावरून शेतातल्या उत्पादनाबद्दल बोलला असाल, तर ती वाक्यं काढा.

सरांशी वाद घालू नका. प्रत्येक आक्षेप, त्यावर काय केलं आणि कुठल्या पानावर, असा तक्ता करून त्यांच्यापुढे ठेवा. तयार काम समोर दिसलं की बहुतेक गाइड सही करतात.

जर्नल शोधायला स्वतःचीच संदर्भसूची उघडा. ज्यांचे पेपर तुम्ही वारंवार उद्धृत केलेत, ते कुठे छापले आहेत? तिथले अलीकडचे अंक चाळा, स्कोप, म्हणजे ते कुठले विषय घेतात, वाचा, आणि फी किती हे सबमिट करण्याआधी पाहा. पहिल्याच प्रकाशकाने दुसऱ्या जर्नलकडे पेपर वळवायची तयारी दाखवली असेल तर तीही फी पाहूनच स्वीकारा. पेपर आधी कुठे नाकारला गेला हे आपणहून सांगायची सहसा गरज नसते. फॉर्ममध्ये विचारलं तर मात्र खरं लिहा.

घाई मला कळते, तासिकेवरच्या माणसाला मुलाखतीत पेपर मोजून दाखवावे लागतात. पण प्रबंध अडेल या भीतीने धावू नका. यूजीसीच्या 2022च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का, एवढं पीएच.डी. विभागात विचारून घ्या.

आणि कव्हर लेटर नव्याने लिहा. मी एकदा जुनंच पाठवलं होतं, त्यात आधीच्या जर्नलचं नाव तसंच राहिलं. नकार त्याच दुपारी आला.