प्रशिक्षकाची शिफारस लिहिताना आधी उणीव लिहा

तुमची अडचण मला समजली ती अशी. तुमच्या प्रशिक्षण केंद्रातल्या एका मेजरने कुणीही सांगितलेलं नसताना तरुण अधिकाऱ्यांचा डावपेचांचा सराव नव्याने बांधला. त्याच्या गौरवासाठी तुम्ही शिफारस पाठवली आणि ती 'हे त्याचं कामच आहे' असा शेरा घेऊन परत आली. अशा शिफारशी मी लिहिल्या आहेत आणि पुढे काही वर्षं त्या वाचून निवडण्याचं कामही केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेरा मारणाऱ्यावर रागावू नका. 'अत्यंत मेहनती, कर्तव्यदक्ष, रात्री उशिरापर्यंत थांबून मार्गदर्शन करणारा' हे तुमच्या मसुद्यातलं वर्णन खरंच असेल, पण ते कुठल्याही चांगल्या प्रशिक्षकाला लागू पडतं. वाचणाऱ्यापुढे गठ्ठाभर फायली असतात आणि प्रत्येकीत हेच शब्द. तो शोधत असतो ते एवढंच, की हा माणूस इथे नसता तर कोणती गोष्ट घडलीच नसती? त्याचं उत्तर पहिल्या परिच्छेदात सापडलं नाही तर तो दुसरा वाचत नाही.

म्हणून सुरुवात माणसापासून करू नका, त्याला दिसलेल्या उणिवेपासून करा. पुढाकार तिथेच सुरू होतो. इतरांना वर्षानुवर्षं जे ठीक वाटत होतं, ते याच्या डोळ्यांत खुपलं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे लष्करप्रमुख असलेल्या जॉर्ज मार्शल यांचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. १९२०च्या दशकात ते चीनमधल्या तिएन्त्सिन इथे अमेरिकेच्या पायदळ रेजिमेंटमध्ये होते. तिथल्या एका सरावात सत्तरेक माणसं घेऊन शत्रूच्या बगलेवरून जायचं साधं काम एका अधिकाऱ्याकडे होतं. तो मात्र लेखी आदेश कसा मांडायचा यातच अडकून बसला. चौकशी केल्यावर कळलं, की हा अधिकारी अमेरिकेतल्या फोर्ट बेनिंगच्या पायदळ शाळेत पहिला आलेला! मार्शलनी विद्यार्थ्याला दोष दिला नाही, शाळेच्या शिकवण्यात खोट आहे हे ओळखलं. १९२७मध्ये त्याच शाळेत शिक्षण विभागाची सूत्रं हाती आल्यावर पाच वर्षांत त्यांनी शिकवण्याची रीतच पालटली. लांबलचक लेखी आदेशांऐवजी थोडक्यात, बहुधा तोंडी आदेश. वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा मैदानावरचा वेळ जास्त. नकाशे मुद्दाम अपुरे, कारण लढाईत नीट नकाशा मिळेलच असं नाही. आणि विद्यार्थ्याचं उत्तर शाळेच्या ठरलेल्या उत्तराच्या अगदी उलट असलं, पण त्यात स्वतंत्र विचार असला, तर ते सगळ्या वर्गापुढे मांडायचं. त्या पाच वर्षांत शिकलेले आणि शिकवणारे मिळून सुमारे २०० जण पुढे जनरल झाले. दुसऱ्या महायुद्धात गाजलेले सेनापती ओमर ब्रॅडली आणि जोसेफ स्टिलवेल तर तिथे मार्शलच्याच हाताखाली प्रशिक्षक होते.

तुमच्या मेजरचं काम या मापाचं असायची गरज नाही. मांडणी मात्र हीच हवी: काय खुपलं, काय बदललं, पुढे काय दिसलं.

माझ्या हाताखाली एक कॅप्टन होता. त्याच्या लक्षात आलं, की नवे अधिकारी सँड मॉडेलसमोर, म्हणजे वाळूत केलेल्या भूभागाच्या प्रतिकृतीसमोर, उत्तम बोलतात, पण अंधारात, दमलेले असताना आदेश देताना तीच तीच वाक्यं घोळवत बसतात. त्याने प्रत्येकाचा आदेश ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी ज्याचा त्यालाच एकट्याला ऐकवायचा, वर्गापुढे कधीच नाही. मग एकच प्रश्न: 'तू सेक्शन कमांडर (दहाएक जवानांच्या तुकडीचा प्रमुख) असतास तर यातून काय करायचं ते तुला कळलं असतं का?' मीही त्याची पहिली शिफारस 'कष्टाळू' आणि 'कल्पक' या शब्दांनी भरली होती. तीही परत आली. दुसऱ्या वेळी मी विशेषणं काढली. एकाच विद्यार्थ्याचे पहिल्या आठवड्यातला आणि शेवटच्या आठवड्यातला असे दोन आदेश शब्दशः उतरवून शेजारीशेजारी जोडले. पुढे काही समजवावं लागलं नाही.

असा पुरावा तुमच्याकडेही असणार. जुनी आणि नवी सराव-पत्रिका सोबत लावा. इथून बाहेर पडलेले अधिकारी ज्या पलटणींत गेले, तिथल्या कमांडिंग ऑफिसरना दोन ओळी लिहायला सांगा. त्या दोन ओळी तुमच्या दोन पानांपेक्षा वजनदार ठरतील, कारण ते या अधिकाऱ्यांना रोज काम करताना बघतात. परीक्षेच्या टक्केवारीवर फार भिस्त ठेवू नका, तुकडीगणिक विद्यार्थी बदलतात. पहिला प्रयोग फसला असेल तर तोही लिहा. फसल्यावर त्याने काय दुरुस्त केलं, त्यातून माणूस दिसतो. मदत करणारे सुभेदार-हवालदारही त्यात आले पाहिजेत. त्यांना वगळलेली शिफारस मला नेहमीच अपुरी वाटत आली.

आता थोडं गौरवाबद्दल. प्रशस्तिपत्र जरूर मिळावं, पण तेवढ्यावर थांबू नका. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात प्रशियाचे फ्रीडरिष फॉन श्टॉयबेन फेब्रुवारी १७७८मध्ये वॉशिंग्टनच्या सैन्याच्या व्हॅली फोर्ज छावणीत पोचले तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि तिथले अधिकारी कवायत घेणं हे सार्जंटांचं काम समजत. त्यांनी शंभरेक माणसांची एक नमुना तुकडी स्वतः मैदानात उभं राहून घडवली आणि त्या माणसांकडून इतरांना शिकवलं. अधिकाऱ्यांनी आपली माणसं स्वतः शिकवायची, हा पायंडा त्यातूनच पडला. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना इन्स्पेक्टर जनरल नेमलं गेलं, आणि १७७९मध्ये त्यांची पद्धत सैन्याची अधिकृत नियमावली म्हणून मंजूर झाली. म्हणजे अधिकारही दिला आणि काम कागदावर कायमही केलं.

तुमच्या शिफारशीत म्हणून एक परिच्छेद वाढवा: हा सराव अभ्यासक्रमात कायम करावा, आणि सराव-पत्रिकेवर तो रचणाऱ्याचं नाव असावं. बदलीनंतर नवा माणूस येतो, जुनी फाईल उघडतो आणि सगळं पूर्ववत होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या कॅप्टनचं प्रशस्तिपत्र भिंतीवर राहिलं, ध्वनिमुद्रण मात्र वर्षभरात बंद पडलं. ते अभ्यासक्रमात घालायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही.

आणखी एक. अनेक सैन्यांत प्रशिक्षकाची नेमणूक कमांडपेक्षा, म्हणजे तुकडीच्या नेतृत्वापेक्षा, दुय्यम समजली जाते, आणि चांगला प्रशिक्षक पदोन्नतीच्या वेळी मागे पडतो. म्हणून हेच सगळं त्याच्या वार्षिक गोपनीय अहवालातही त्याच नेमक्या शब्दांत आलं पाहिजे. पदोन्नती मंडळ बघतं ते हाच अहवाल.

मेजरची बदली कधी आहे ते आधी बघा. मसुदा त्याआधी पाठवा, आणि पाठवण्यापूर्वी त्याच्यासोबत तासभर बसून विचारा, की हे करावंसं पहिल्यांदा कधी वाटलं. शिफारशीचं पहिलं वाक्य बहुतेक तिथेच मिळेल. नाव-गाव काढून नवा मसुदा इथे टाकलात तर मी वाचून सांगेन.